मॅटिल्डा: गोळा आरपार जातो, तरी समोरचा मरत नाही

वॉर थंडर या ऑनलाइन युद्धखेळाच्या ब्रिटिश टेक ट्रीमध्ये (टँक एकेक करून खुले होत जातात तो क्रम) मॅटिल्डा या दुसऱ्या महायुद्धातल्या टँकपर्यंत पोचलेल्या खेळाडूंची तक्रार ठरलेली असते. तीन-चार गोळे नेमके लागले, हिट कॅमने (गोळा लागल्यावर आत काय झालं ते दाखवणारी खिडकी) भेदल्याचं दाखवलं, तरी समोरचा टँक जागेवर शाबूत. मग तो सावकाश टरेट (तोफेचा फिरता बुरूज) वळवतो, एकच गोळा मारतो आणि आपण थेट हँगरमध्ये, म्हणजे टँक निवडायच्या पडद्यावर. दुसरी तक्रार लगेच पाठोपाठ येते: चिलखत एवढं जाड म्हणतात, मग मी एका फटक्यात कसा काय जातो? तिसरी तक्रार वेगाची. तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, सगळे नुसता उसासा टाकतात.

तोफ बिघडलेली नाही, सर्व्हरचाही दोष नाही. तिन्ही अडचणी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि बहुतेक वेळा एक सवय बदलली की तिन्ही हलक्या होतात. मॅटिल्डाचा पहिला गोळा मारायला वापरायचा नाही, समोरच्याची तोफ गप्प करायला वापरायचा. ठार करायचं काम दुसऱ्या, तिसऱ्या गोळ्याचं. पुढे लिहिलेलं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

गोळा लागतो, भेदतो, पण काही होत नाही

हिच्यावरची तोफ टू-पाउंडर, म्हणजे ४० मिमीची. गोळा साधारण किलोभराचा आणि आतून भरीव. त्यात स्फोटक नाही. नुकसान होतं ते दोनच गोष्टींमुळे: गोळा स्वतः ज्या रेषेत जातो त्या रेषेत जे येईल ते, आणि चिलखत फोडताना आत उडालेल्या किरच्या. बाजूला बसलेला क्रू मेंबर त्या रेषेत नसेल तर अंगावर ओरखडाही न येता वाचतो.

आता समोरच्याकडे बघा. टी-३४ च्या ७६ मिमी तोफेचा बीआर-३५०ए गोळा सहा किलोंच्या वर आहे आणि त्यात दीडशे ग्रॅमच्या आसपास स्फोटक असतं. तो टरेटमध्ये शिरला की फुटतो, आणि टरेटमध्ये बसलेले सगळे एकदम जातात. त्याला नेम धरताना "टरेट" एवढंच बघायचं असतं. तुम्हाला टरेटमधला माणूस शोधावा लागतो. जर्मन किंवा सोव्हिएत ट्री खेळून मग इकडे आलेल्यांना हे सगळ्यात जड जातं, कारण टँकच्या मधोमध नेम धरायची त्यांची सवय तिथे चालून जाते.

पातळ चिलखताच्या टँकवर तर गंमत आणखी वाढते. बीटी-७ सारख्या हलक्या टँकमधून टू-पाउंडरचा गोळा सुई कापडातून जावी तसा जातो. चिलखतच पातळ, त्यामुळे किरच्याही मोजक्याच. भेदायची ताकद जास्त झाली की नुकसान वाढतं, ही समजूत इथे उलटी पडते. अशा टँकवर आरपार जाणाऱ्या रेषेत निदान दोन माणसं यावीत किंवा गोळ्यांचा साठा यावा, असाच कोन निवडावा लागतो. म्हणजे समोरून मारण्यापेक्षा तिरप्या बाजूने मारलेलं चांगलं.

आता नेमकं मारायचं कुठे? यासाठी कोण कुठे बसतो हे पाठ असणं हाच खरा उपाय. जर्मन टँकमध्ये, पँझर ३ आणि ४ दोन्हींत, गनर (तोफ झाडणारा) तोफेच्या डाव्या बाजूला बसतो. म्हणजे तो तुमच्याकडे तोंड करून उभा असेल तर तुमच्या उजव्या हाताला. टी-३४ च्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये टरेटात दोनच माणसं आणि कमांडरच गनर. तोही तोफेच्या डाव्या बाजूला, म्हणजे पुन्हा तुमच्या उजवीकडे. शर्मनमध्ये हे उलटं, गनर तोफेच्या उजवीकडे, म्हणून समोरून बघताना तुमच्या डावीकडे. खेळात आघाड्या मिसळलेल्या असतात, तेव्हा शर्मनही समोर येतोच.

गनर पडला की दुसरा माणूस त्याच्या जागी सरकेपर्यंत टँक गोळी झाडू शकत नाही. तेवढे सेकंद तुमचे. टू-पाउंडरचा रीलोड तीन-चार सेकंदांचा आहे. खऱ्या युद्धातही ही तोफ चांगला लोडर असला तर मिनिटाला वीसच्या आसपास गोळे सोडायची. तेव्हा गनर गेल्यावर दुसरा गोळा ब्रीचवर, म्हणजे तोफ जिथे टरेटात शिरते तिथे. ब्रीच मोडली की त्याला दुरुस्तीशिवाय झाडताच येत नाही आणि दुरुस्ती करताना तो जागचा हलत नाही. मग कुणाकुणाला कधी पाडायचं ते निवांत ठरवा.

गनर दिसत नसेल, टरेटचा पुढचा भाग भेदत नसेल, तर बॅरल, म्हणजे तोफेची नळी. लांब, बारीक, पण जवळून लागते. बॅरल मोडलेला टँक सहसा मागे सरकायला लागतो, तेव्हा ट्रॅक (चाकांवरचा पट्टा) तोडा. तो अडकला की मॅटिल्डाच्या वेगातही बाजूला पोचता येतं. आणि तुम्ही पोचेपर्यंत तुमच्यातलं कुणीतरी त्याला संपवून जाईल, ते वेगळं. मदत केल्याचे गुण मिळतात, वाईट वाटून घेऊ नका.

टी-३४ चं एक उदाहरण थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गोळे तिथेच वाया जातात. त्याच्या पुढच्या तिरप्या पत्र्याची जाडी ४५ मिमी आहे, पण उतार ६० अंशांचा. सरळ रेषेत मोजलं तर ती ९० मिमी भरते, वर उतारावरून गोळा घसरतो तो वेगळाच. तिथे मारत बसू नका. टरेटचे गाल मारा, किंवा तो बाजू दाखवत असेल तर चाकांच्या रांगेच्या मागचा खालचा भाग. वरची बाजू तिरपी आहे, पण चाकांमागची ४५ मिमीची उभी आहे आणि गोळा तिथून सरळ आत जातो. आत साठा असेल तर एकाच गोळ्यात काम होतं. फक्त त्यावर अवलंबून राहू नका.

गोळ्यांचा प्रकार निवडताना थोडं डोकं लावा. टोपी असलेला एपीसीबीसी गोळा कोनात असलेल्या चिलखतावर साध्यापेक्षा कमी घसरतो, त्यामुळे टी-३४ सारख्यांसाठी तो हाताशी असू द्या. पण नवा गोळा संशोधनाने खुला झाला की जुना पूर्ण सोडून देण्याचीही गरज नाही. हँगरमध्ये प्रोटेक्शन ॲनालिसिस उघडा, शत्रूचा टँक निवडा, तुमची तोफ, गोळा आणि अंतर टाका आणि माउस फिरवत बघा कुठे हिरवं दिसतं, म्हणजे भेदतं. एका टँकवर पाच मिनिटं घालवलीत तर पुढच्या अनेक मॅचमधला संताप वाचतो. त्याच ठिकाणी एक्स-रेमध्ये क्रूच्या जागाही दिसतात. आर्केड या सोप्या प्रकारात क्रॉसहेअरचा रंग भेदेल की नाही ते सांगतो, पण आत कोण बसलंय ते तोही सांगत नाही.

स्फोटक गोळा नाही, आता काय

उघड्या छताचे टँक, ट्रकवर बसवलेल्या विमानविरोधी तोफा यांच्यावर टू-पाउंडर वापरायचा मोह आवरा. आपल्याकडे हाय एक्स्प्लोसिव्ह गोळा नाही, म्हणून एका फटक्यात सगळा क्रू संपवायची सोय नाही. पण तोफेशेजारी बेसा मशीनगन आहे आणि उघड्यावर बसलेल्या क्रूला ती पुरते. अनेकांना मशीनगनचं बटण आहे हेच आठवत नाही.

ही उणीव गेममध्ये मुद्दाम घातलेली नाही. लिबियाच्या वाळवंटात ब्रिटिश रणगाड्यांना हाच त्रास होता. लांबवर खड्ड्यात बसवलेली ८८ मिमीची जर्मन तोफ आणि तिची माणसं यांच्यावर भरीव गोळ्याचा फारसा उपयोग नव्हता, मशीनगन तेवढ्या लांब पोचत नव्हती. जून १९४१ च्या बॅटलॲक्स मोहिमेत हलफाया खिंडीत मॅटिल्डांचं जे नुकसान झालं त्यामागे हेही एक कारण होतं. म्हणूनच काही मॅटिल्डांना तीन इंची हॉवित्झर देऊन क्लोज सपोर्ट प्रकार काढला होता. मोठी सिक्स-पाउंडर तोफ बसवायची तर टरेटची रिंग फार लहान, त्यामुळे क्रूसेडर किंवा व्हॅलेंटाइनसारखी हिची तोफ कधी वाढली नाही. गेममध्ये पुढचं अपग्रेड कधी मिळणार म्हणून वाट बघत असाल तर उत्तर इथे आहे. सोव्हिएत ट्रीमध्ये ७६ मिमी तोफ लावलेली एक प्रीमियम मॅटिल्डा आहे. तेच चिलखत, पण फुटणारे गोळे. ती खेळून बघितली की आपली खरी अडचण चिलखताची नव्हतीच, हे पाच मिनिटांत कळतं.

जाड चिलखत असून एका गोळ्यात फुटते

आकडे आधी बघू. हलचा, म्हणजे टरेटखालच्या धडाचा, पुढचा भाग ७८ मिमीपर्यंत, टरेट चहूबाजूंनी ७५, हलच्या बाजू ६५ ते ७०, मागे ५५. १९४० साठी हे अफाट होतं. २१ मे १९४० ला फ्रान्समध्ये अर्रासजवळ ब्रिटिशांनी प्रतिहल्ला केला तेव्हा जर्मनांच्या ३७ मिमी रणगाडाविरोधी तोफांचं मॅटिल्डावर काही चालेना. शेवटी जर्मन सेनानी रोमेलने ८८ मिमीच्या विमानविरोधी तोफा आणि मोठा तोफखाना पुढे आणून त्यांना थोपवलं. गेमच्या खालच्या रँकमध्येही तोच अनुभव येतो: ३७ मिमीवाले कितीही मारोत, टणटण आवाज येतो आणि तुम्ही पुढे चालत राहता.

अडचण सुरू होते ती अपटियरमध्ये, म्हणजे आपल्याहून वरचे टँक समोर आले की. मॅचमेकर (मॅच जुळवणारी यंत्रणा) एक पूर्ण बीआर (टँकच्या ताकदीचा गेममधला आकडा) वरपर्यंतचे टँक तुमच्यासमोर टाकू शकतो आणि तिथे ७६ मिमी नाहीतर लांब ७५ मिमीवाले असतात. बरेच जण तेव्हाही छातीठोक सरळ उभे राहतात. मॅटिल्डाचं खरं बळ मात्र तिच्या बाजूंत आहे.

बहुतेक टँक थोडे तिरपे केले की पुढचा पत्रा कोनात जातो पण बाजूचा पातळ पत्रा उघडा पडतो. म्हणून त्यांना थोडंसंच तिरपं होता येतं. मॅटिल्डाची बाजू जवळजवळ पुढच्याइतकी जाड असल्यामुळे तुम्हाला चांगलं ४० अंशांपर्यंत वळता येतं. हिशोब करून बघा: ७८ मिमी ४० अंशांत सुमारे १०० मिमी भरतात आणि त्याच वेळी ७० मिमीची बाजू ५० अंशांत असल्यामुळे तीही १०० च्या वर जाते. समोरच्याला निवड अशी उरतच नाही, दोन्हीकडे भिंत. टी-३४ च्या ७६ मिमीला सरळ उभी मॅटिल्डा जवळून भेदता येते. तिरपी असेल तर तोच गोळा बऱ्याचदा घसरतो.

पण हे सगळं हलचं. टरेट तुम्ही शत्रूकडे वळवलेला असतो, तो काही तिरपा होत नाही. आणि इथेच तो एका गोळ्याचा मृत्यू दडलेला आहे. मॅटिल्डात चार माणसं. ड्रायव्हर एकटा पुढे हलमध्ये, उरलेले तिघे, कमांडर, गनर आणि लोडर, त्या चिमुकल्या टरेटात खांद्याला खांदा लावून. फुटणारा गोळा टरेटात शिरला तर तिघेही एकदम जातात, आणि ड्रायव्हर एकटा उरला की गेम टँक संपला म्हणून जाहीर करतो. हलला लागलेला गोळा कधीकधी फक्त ड्रायव्हर घेऊन जातो आणि तुम्ही झाडत राहू शकता.

म्हणून टेकडीआड हल लपवून फक्त टरेट दाखवायचा जो सल्ला सगळीकडे दिला जातो, तो मॅटिल्डासाठी डोळे झाकून घेऊ नका. तुम्ही सगळ्यात जाड भाग लपवता आणि जिथे तिघे बसलेत तोच दाखवता. समोर ३७ किंवा लहान ५० मिमी असेल तर खुशाल टेकडीआड थांबा, टू-पाउंडरची नळी खाली चांगली झुकते, जागा छान मिळतात. समोर ७६ किंवा लांब ७५ असेल तर एखाद्या इमारतीचा कोपरा धरा, हल तिरपा ठेवून अर्धा बाहेर काढा आणि रीलोड होईपर्यंत टरेट डावी-उजवीकडे हलवत राहा. टरेट गोलाकार ओतीव आहे, हलत असताना त्याच्या कडेला लागलेला गोळा घसरायची शक्यता वाढते.

दोन टँकसमोर मात्र कोन करूनही भागत नाही. पहिला, आखूड ७५ मिमीचा पँझर ४ किंवा स्टुग (टरेट नसलेली जर्मन तोफगाडी), त्याच्याकडे हीट गोळा (स्फोटाच्या धारेने चिलखत भेदणारा) असेल तर. हीट गोळ्याचं भेदन लांब अंतरावरही कमी होत नाही, म्हणून "लांब आहे, वाचेन" हा हिशोब चुकतो. या गोळ्याचा वेग मात्र कमी असतो, त्यामुळे लांबून चालत्या टँकवर नेम धरायला त्याला त्रास होतो. हालत राहा, जवळ येऊ देऊ नका, आणि जवळ आलाच तर आधी गनर. दुसरा, लांब नळीचा पँझर ४ एफ२. तो तुम्हाला कसंही भेदतो. पण त्याचं पुढचं चिलखत फक्त ५० मिमीचं आहे, टरेटचंही. तुम्हीही त्याला भेदता. इथे चिलखताचा सामना नाहीच, पहिला नेमका गोळा कुणाचा एवढाच प्रश्न. तो येणार असलेल्या रस्त्यावर तोफ आधीच लावून थांबलात तर तुमच्याकडे वेगवान रीलोड आहे आणि त्याच्याकडे नाही.

गोळ्यांच्या साठ्याचं थोडक्यात. खऱ्या मॅटिल्डात नव्वदहून जास्त गोळे मावायचे, गेममध्येही भरपूर घेता येतात, पण सगळे भरून नेऊ नका. भरपूर साठा म्हणजे आतल्या प्रत्येक कोपऱ्यात फुटणारी वस्तू. चाळीसच्या आसपास घेतले तर एका मॅचला सहसा पुरतात, तोफ झपाझप झाडते म्हणून त्याहून फार कमी करू नका. संख्या कमी-जास्त करत एक्स-रे उघडून बघा, कोणते रॅक रिकामे होतात ते तिथेच दिसतं.

पोचेपर्यंत लढाई संपते

सुमारे २७ टनांचा टँक आणि दोन्ही मिळून १९० अश्वशक्तीची लेलँड डिझेल इंजिनं, म्हणजे टनाला सातच्या आसपास. रस्त्यावर ताशी पंचविसेक किलोमीटर, चिखलात किंवा चढावर त्याच्या निम्म्याने. ही पायदळासोबत चालायला बनवलेली गाडी आहे, इन्फंट्री टँक, आणि सैनिक काही धावत नव्हते. यावर कुठलंही मॉडिफिकेशन चमत्कार करणार नाही. नकाशा उघडताच सगळ्यात जवळचा कॅप पॉइंट (ताब्यात घ्यायची जागा) ठरवा, शक्यतो रस्त्यानेच जा आणि वळणं कमी घ्या. वळताना वेग पार बसतो. मागे जायला तर ती आणखी आळशी, म्हणून ज्या जागेतून माघार घ्यावी लागेल अशा जागेत शिरूच नका. एकदा बाजू ठरवली की मॅच त्याच बाजूला काढायची.

वेग कमी म्हणून विमानांना तुम्ही सोपं सावज. छत जेमतेम २० मिमीचं आहे. झाडाखाली, इमारतीच्या कडेला थांबा. मोकळ्या मैदानात कॅपवर उभं राहून गोळे झाडत बसलात तर बॉम्ब येणारच.

केव्ही-१ समोर आला तर

इथे मी सरळ सांगतो: समोरून भांडू नका. टू-पाउंडरने केव्ही-१ हा जड सोव्हिएत टँक समोरून मारायचा खटाटोप म्हणजे त्याला तुमची जागा दाखवणं. बॅरल तोडा, ट्रॅक तोडा, नकाशावर खूण करा आणि कोपऱ्याआड जा. तो दुरुस्तीत असताना बाजूने जवळ जाता आलं तर बघा, नाही तर दुसऱ्या कुणाला येऊ द्या.

दोन-तीन मॅच सलग अपटियरच मिळत असतील आणि समोर केव्ही, लांब ७५ वाले यांचीच गर्दी असेल, तर लाइनअपमध्ये (मॅचला सोबत नेलेल्या टँकमध्ये) मॅटिल्डाच्या शेजारी सुरुवातीच्या मॉडेलचा क्रूसेडर ठेवा. तोफ तीच टू-पाउंडर, चिलखत नावापुरतं, पण वेग आहे, आणि बाजूला पोचलात की भरीव गोळ्यालाही दोन-तीन माणसं एका रेषेत सापडतात. मग कॅप धरून ठेवायची वेळ आली की मॅटिल्डा उतरवा.